अत्तरवाल्याच्या घरची पोटुशी सून

मेहरुन्निसाला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं सगळ्यात आधी कपाटातली डिओची बाटली नणंदेला देऊन टाकली. मग नेलपॉलिश गेलं, गोरं व्हायचं क्रीम गेलं, आणि फ्रिजमधल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या जाऊन त्यांच्या जागी स्टीलच्या आल्या. पहिल्या मुलीच्या, जन्नतच्या वेळी यातलं काहीच केलं नव्हतं. तेव्हा ती नवी नवरी होती. सासू देईल ते खायचं आणि सांगेल त्या कुशीवर झोपायचं, एवढंच तिचं काम. आता हातात मोबाइल होता, आणि मोबाइलमध्ये रोज कोणी ना कोणी पोटुश्या बायकांना घाबरवायला बसलेलं असायचं.

त्यातल्याच एका बाईनं सांगितलं, की अंगावर मारायच्या स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, या दिवसांत त्यापासून लांब राहा. हे ऐकून मेहरुन्निसाला उलट हायसंच वाटलं. अल्कोहोल नसलेल्या सुवासाची तिच्या घरात काय वानवा होती?

तिचा नवरा कय्युम अत्तरवाला. दुकान खुलताबादला, दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. रोज सकाळी तो मोटारसायकलवर खोकं बांधून दौलताबादचा घाट चढायचा आणि मगरिबच्या सुमारास, दिवस मावळताना, परत यायचा. दुकानावर हिरव्या अक्षरांत पाटी होती, मराठीत आणि उर्दूत: शुद्ध अत्तर, अल्कोहोल बिलकुल नाही. त्या पाटीवरच दुकान चालायचं. दर्ग्याच्या जियारतला, दर्शनाला आलेली माणसं, नमाजी माणसं, स्पिरिटचा थेंबही अंगाला नको म्हणणारी म्हातारी माणसं पाटी वाचूनच थांबायची. कय्युम त्यांच्या मनगटावर काडी टेकवायचा आणि म्हणायचा, "कपड्याला लावा, दाढीला लावा, लावून नमाज पढा. बेफिकीर राहा."

माल मात्र तयार व्हायचा शहरात, उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून वासाचा घट्ट अर्क अॅल्युमिनियमच्या छोट्या बाटल्यांतून यायचा, आणि तो पातळ करायला 'बेस' यायचा निळ्या कॅनमधून. बेसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्यात अर्क घालायचा, काचेच्या काडीनं ढवळायचा, झाकून ठेवायचा, आणि मग इंजेक्शनच्या सिरिंजनं एकेक बाटली भरून वर छर्ऱ्याचं, म्हणजे फिरत्या गोळीचं, बूच अंगठ्यानं दाबून बसवायचं. हे दाबणं सगळ्यांना जमत नाही. कमी दाबलं तर बाटली खिशात गळते, जास्त दाबलं तर काच तडकते. मेहरुन्निसाचा अंगठा यात तयार झालेला. कय्युम गिऱ्हाइकापुढं बाटली उलटी करून हलवायचा, "गळाली तर दुकान तुमचं," म्हणायचा, आणि ती कधी गळायची नाही.

ती माहेरची दौलताबादची. बाप किल्ल्याखाली पेरू आणि सीताफळं विकायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिची आई दारातच म्हणाली होती, "अगे, तू येण्याच्या आधी तुझी ओढणी आली!" तेव्हा तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

या खेपेला उलट्यांनी तिला हैराण केलं. फोडणी नको, दूध नको, सासूचं पान नको. सगळ्या वासांमधून एकट्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, अत्तराचा वास सोसवायचा. मग ती तेच लावायला लागली. सकाळी मनगटाला, दुपारी ओढणीच्या टोकाला, अंघोळीच्या पाण्यातही दोन-चार थेंब. शिवाय उरुसाचे दिवस जवळ आलेले, माल जास्त लागत होता, आणि ती दिवसदिवस निळ्या कॅनपाशी बसत होती. हात मनगटापर्यंत ओले. सासू कौतुकानं म्हणायची, "या बाळाला तर जन्मायच्या आधीच धंदा शिकवती तू."

पाचवा महिना लागला तेव्हा तिची नणंद तबस्सुम चार दिवस राहायला आली. तबस्सुम बी.एस्सी. झालेली, वाळूजच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये नवीनच लागलेली. नव्यानं शिकलेल्या माणसाला जसं सगळ्या वस्तूंवरचं बारीक छापलेलं वाचायची सवय लागते, तशी तिला लागली होती. बिस्किटाचा पुडाही ती आधी उलटा करून वाचायची.

भावजयीशेजारी बसून ती बुचं लावू लागली. लावता लावता म्हणाली, "भाभी, हा बेस म्हंजे असतो काय गं?"

"बेस म्हंजे बेस. तेल हाय."

"तेल नाय हे. बघ ना, पाण्यावानी हाय."

"तुझ्या अब्बांच्या टायमापासून वापरतो आपण. तू जन्मायच्या आधीपासून. आता विचारती?"

तबस्सुमनं कॅन फिरवला. त्यावर व्यापाऱ्यानं आपल्या नावाचं लेबल चिकटवलेलं होतं. तिनं नखानं ते सोलून काढलं. खाली कंपनीचं मूळ लेबल निघालं. ते तिनं एकदा वाचलं, मग मोबाइल काढून काहीतरी पाहिलं, मग परत लेबल वाचलं.

"डायइथाइल थॅलेट," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"थॅलेट, भाभी. आमच्या इथं यावर ट्रेनिंग झालं होतं. हे हार्मोनमधी लुडबुड करतात."

मेहरुन्निसानं सिरिंज खाली ठेवली नाही. भरता भरताच विचारलं, "अल्कोहोल तर नाय ना?"

"अल्कोहोल नाय."

"मग झालं की."

"तेच तर सांगती ना! अल्कोहोल नक्को म्हणून तर हे घालतात. कशात तरी अर्क विरघळायला पायजे ना."

मग तबस्सुमनं तिला समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. शरीर आतल्या आत निरोप पाठवत असतं. हार्मोन म्हणजे ते निरोप नेणारी माणसं. अमक्या दिवशी हात फुटू दे, अमक्या दिवशी पोराचं शरीर पोराचं होऊ दे, असे निरोप. काही रसायनं मधेच घुसतात. कधी खोटा निरोप देतात, कधी खऱ्या माणसाला दारातच अडवतात. मोठ्या माणसाचं फारसं बिघडत नाही, पण पोटातल्या बाळाला एक निरोप एकदाच मिळायचा असतो. मुलग्यांच्या बाबतीत तर तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपासचे निरोप फार नाजूक, असं तिच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

मेहरुन्निसानं मनात महिने मोजले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती खस अंगाला लावून, अल्लाचे आभार मानत, निळ्या कॅनपाशी बसलेली होती.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता हात धू," तबस्सुम म्हणाली. तिलाही पुढचं माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मेहरुन्निसाच्या डोक्यात एक गिरमिट फिरायला लागलं. मुलांना जास्त धोका, असं तबस्सुम म्हणाली होती. मग मुलगी असेल तर? मुलगी असेल तर आपण थोडं कमी घाबरलं तरी चालेल का? आणि मुलगा असेल तर काय करायचं, कुणाला दाखवायचं? एवढं एकच कळलं, की किती घाबरायचं ते तरी ठरवता येईल. हा विचार तिला इतका सरळ वाटला, की तो जगातल्या सगळ्यात वाकड्या प्रश्नासारखा दिसतो हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी होती. सासू बरोबर आली. डॉक्टर करुणा म्हणजे उंच, घाईत असणाऱ्या, पण हाताच्या हलक्या. त्यांनी पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघत "पाठीचा कणा छान, हृदय छान, दोन्ही किडन्या दिसतायत" असं म्हणत गेल्या. मेहरुन्निसा पडद्यावरच्या करड्या ढगाकडं बघत होती. सगळं छान चाललंय म्हटल्यावर तिला धीर आला.

"मॅडम," ती म्हणाली, "मुलगा हाय का मुलगी, तेवढं सांगाल का?"

डॉक्टरांचा हात थांबला.

"कुणी विचारायला लावलं तुम्हाला?"

"कुणी नाय. मलाच..."

"बाहेर केवढी पाटी लावलीय, वाचता येते ना? गुन्हा आहे हा. विचारणंसुद्धा." मग त्या सासूकडं वळल्या. "तुम्ही लावलंत ना हिला?"

"अल्ला कसम नाय ओ मॅडम!" सासू दचकून उठली. आणि मग, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "पर आता तिनं विचारलंच हाय तर..."

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाल्या.

मेहरुन्निसाला सांगायचं होतं, की मॅडम, तसं नाही. पण अत्तर, कॅन, थॅलेट, निरोप, हे सगळं कुठून सुरू करायचं ते तिला सुचेना. डॉक्टरांनी जेल पुसायला कागद दिला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पहिली मुलगी आहे ना तुम्हाला? तिला कसं वाटेल याचा विचार करा."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

रिक्षात सासू मात्र खुशीत होती. ओरडा खाल्ल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. तिनं मेहरुन्निसाचा हात हातात घेतला. "माझ्या मनातलं बोलली गं तू. मी तर लाजत होते. दुकानाला कुणी तरी पायजेच ना."

"अम्मी, मी त्याच्यासाठी नाय विचारलं."

"हौ हौ, कशासाठी का असंना."

संध्याकाळी कय्युम घरी येईपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झालेली होती. तो आला, त्यानं खोकं खाली ठेवलं, जन्नतला कडेवर घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"काय विचारलं तू डॉक्टरला?"

"ऐका ना..."

"जन्नत काय कमी पडली तुला? मी कधी बोललो, पोरगा दे म्हणून? माझी मान खाली घातली तू. नाक्यावर जो तो विचारतो, काय कय्युमभाई, काय निघालं?"

जन्नत एकदा बापाकडं, एकदा आईकडं बघत होती. मेहरुन्निसानं तिला आजीकडं पाठवलं आणि मग एका दमात सगळं सांगितलं. कॅनवरचं लेबल, तबस्सुमचं ट्रेनिंग, तिसरा महिना, खस, अंघोळीचं पाणी. "पोरगा पायजे म्हणून नाय विचारलं मी," ती म्हणाली. "पोरगी असू दे म्हणून दुआ करत होते. म्हंजे घाबरायला नको."

कय्युम आधी हसला. "तब्बूला काय कळतं? काल नोकरीला लागली." मग तो खाली बसला. मग त्यानं आपले हात उलटेसुलटे करून बघितले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. "अब्बांनी तर चंदनाच्या तेलात बनवायला सुरुवात केली होती," तो म्हणाला. "तेल महाग झालं. मग स्पिरिट का बेस, एवढाच सवाल उरला. अब्बा बोलले, स्पिरिट आपल्याला हराम. बेस घ्या. आपण तर चांगलंच केलं ना?"

चांगलंच केलं होतं. दुखणं तेच तर होतं.

दुसऱ्या दिवशी कय्युमनं व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, "भाई, हे साबणात हाय, क्रीममधी हाय, शांपूमधी हाय. तुमच्या बीबीनं केस धुतले तरी लागलंच. एकट्या अत्तराला कायकू बदनाम करता?" कय्युमला हे पटलं आणि बरं वाटलं. फोन मोठ्या आवाजात ठेवलेला, त्यामुळं मेहरुन्निसानंही ऐकलं. आणि तिला मात्र त्याच वाक्यानं धडकी भरली. ती उठून मोरीत गेली. साबण, शांपू, जन्नतची पावडर, भांड्याचं लिक्विड. तिनं एकेक उलटं करून वाचलं. कुठंही थॅलेट नव्हतं. पण सगळ्यांवर एक शब्द होता, 'परफ्यूम'. त्या एका शब्दाच्या आत काय काय असतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच तर ते ढवळायची.

मग काही दिवस त्यांच्या घरात प्रयोग चालले. कय्युमनं तिळाचं तेल आणलं; पूर्वीचे लोक त्यातच अत्तर करायचे असं त्यानं कुठं तरी ऐकलं होतं. गुलाबाचा अर्क त्यात घातला आणि बाटली दुकानात नेली. पहिल्याच गिऱ्हाइकानं मनगट नाकाला लावून विचारलं, "भाई, भजी तळता का आत?" दुसऱ्याच्या पांढऱ्या कुडत्यावर डाग पडला. त्यानंतर व्यापाऱ्यानं दुसरा एक बेस पाठवला. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की यात थॅलेट नाही. घरात जरा आनंद झाला. तबस्सुम आली, तिनं लेबल वाचलं, आणि म्हणाली, "हा बरा वाटतो. पण भाभी, अर्कात काय हाय ते कुठं लिहिलंय? त्यात ते बनावट कस्तुरीवालं असलं तर त्याचंबी वेगळं लचांड हाय."

"तू येऊच नक्को बघ," सासू ओरडली. "आली की घरात एक नवीन जहर काढती!"

"मी काढत नाय, अम्मी. मी वाचती."

"आम्ही न वाचता पाच पोरं काढली. सगळी धट्टीकट्टी. तुझ्यासकट! याच घरात, याच बेसजवळ. तुला काय झालं? तोंड तेवढं जास्त चाललं."

तबस्सुम हसली, पण मेहरुन्निसाला हसू आलं नाही. सासूचं खोटं नव्हतं. नणंद समोर उभी होती, चांगली ठणठणीत. मग तबस्सुमचं खोटं होतं का? तेही वाटत नव्हतं. दोघी खऱ्या असतील तर मग ती कुठं उभी होती?

शेवटी ती एकटीच डॉक्टर करुणांकडं गेली. जेवणाच्या वेळी, गर्दी ओसरल्यावर. तिला बघून डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली.

"मॅडम, ते त्या दिवशी विचारलं ना, ते पोरगा पायजे म्हणून नाय." आणि या वेळी तिनं न थांबता सगळं सांगितलं. हात पुढं करून दाखवले. अंगठ्यावरची कातडी गुळगुळीत झालेली होती.

डॉक्टरांनी डबा बाजूला सारला.

"मला वाटलं, नेहमीसारखंच," त्या म्हणाल्या. "रोज दोन तरी विचारतात. माझं चुकलं."

"तुमचं बरोबर होतं. माझं विचारणंच तसं होतं."

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "थॅलेट एक नसतं. ते मोठं खानदान आहे. त्यातल्या काहींनी उंदरांच्या पिल्लांचं काय केलं ते नीट माहीत आहे. तुमच्या कॅनमधलं त्यांच्या मानानं सौम्य समजतात. माणसांचे अभ्यास झालेत. कुठं काहीतरी दिसतं, कुठं काहीच दिसत नाही. आणि तुमच्यासारखी दिवसभर त्यात हात घालून बसणारी बाई, तिचा अभ्यास मी तरी वाचलेला नाही."

"मुलगी असली तर कमी धोका ना?"

"मुलींनाही हार्मोन असतात हो," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचं कदाचित उशिरा कळतं. कदाचित काहीच नसतं. म्हणून सांगते, मला सांगता आलं असतं तरी त्याचा तुम्हाला उपयोग नव्हता."

"सोनोग्राफीत तर सगळं छान आहे म्हणालात."

"छानच आहे. पण हे सोनोग्राफीत दिसणारं नाही."

"मग मी काय करू?"

"भरायचं काम बंद करा. माल घराबाहेर न्या. अंगाला लावू नका. खिडकी उघडी ठेवा, हात धुवा."

"आणि जे झालं ते?"

डॉक्टरांनी खिडकीकडं पाहिलं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

मेहरुन्निसा पायऱ्या उतरली. ती दोहोंपैकी एक काही तरी घ्यायला आली होती. एक तर डॉक्टरांनी म्हणायचं, बाई, केवढी चूक केलीस. नाही तर म्हणायचं, जा, काही होत नाही. दोन्हीपैकी काहीही घेऊन ती जगू शकली असती. हे तिसरंच ओटीत पडलं होतं, आणि ते कसं धरायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर समोरची खोली रिकामी झाली. कय्युमनं कॅन, बाटल्या, सिरिंजा, सगळं खुलताबादच्या दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं तो स्वतः भरायला लागला. त्याच्या बाटल्या गळायच्या. दोनदा गिऱ्हाइकांनी परत आणून दिल्या. तो घरी आला की आधी मोरीत जाऊन अंघोळ करायचा, कपडे बाहेर टांगायचा, आणि तरीही जवळ आला की वास यायचाच. ती काही म्हणायची नाही. तो तिच्या चेहऱ्याकडं बघायचा आणि स्वतःच दुसऱ्या खाटेवर जायचा.

एकदा जेवताना म्हणाला, "मेहरून, ती पाटी काढू का?"

"कायकू? खोटी हाय का पाटी?"

"खोटी नाय."

"मग राहू दे."

"परवा एक बाई आली होती. तुझ्यावानी, पोटुशी. बोलली, स्प्रे बंद केलाय, अल्कोहोल नसलेलं द्या."

मेहरुन्निसाचा घास हातातच राहिला. "मग?"

"दिलं," कय्युम म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "एकच बाटली दिली. ती दोन मागत होती. मी बोललो, दुसरी संपलीय."

तो खाली मान घालून भात कालवत राहिला.

सातवा महिना लागला, आणि सासूनं सतवाशाची तयारी सुरू केली. हिंदू बायकांचं जसं डोहाळजेवण, तसा हा सतवासा. सुनेला नवी साडी, हिरव्या बांगड्या, केसांत फुलांची चादर, ओटीत सुका मेवा आणि फळं. आणि या घरात त्यात एक जास्तीची गोष्ट: अत्तरवाल्याच्या सुनेला सासू आपल्या हातानं अत्तर लावते. आधी मनगटाला, मग कानामागं, मग पोटावर, पदराच्या वरून. सासूला तिच्या सासूनं लावलं होतं. जन्नतच्या वेळी मेहरुन्निसाला लावलं होतं, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अम्मी, या टायमाला अत्तर नक्को," ती आदल्या दिवशी म्हणाली.

सासू मोगरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "हलवायाच्या घरी जाऊन बोल, साखर नक्को."

"डॉक्टर बोलल्या..."

"एका थेंबानं काय होतं?"

"माहीत नाय, अम्मी."

"तेच तर! माहीत नाय, माहीत नाय. माहीत नाय त्याला किती घाबरायचं माणसानं?"

मेहरुन्निसाला वाटलं, नेमका हाच तर आपला सवाल आहे, आणि सासूनं तो किती सहज विचारला.

सतवाशाच्या दिवशी समोरची खोली बायकांनी भरून गेली. खुलताबादच्या फुप्या, म्हणजे कय्युमच्या आत्या, दौलताबादची आई, गल्लीतल्या बायका, शेजारची भागूबाई खणनारळ घेऊन आलेली. प्रत्येक बाई येऊन तिला मिठीत घ्यायची, आणि प्रत्येकीच्या गळ्याला, ओढणीला, केसांना कय्युमच्याच दुकानाचं अत्तर. जन्नतुल फिरदौस, गुलाब, हिना, खस. तिला एकेक वास ओळखू येत होता. कोणता तिनं स्वतः भरला होता, हेही सांगता आलं असतं. एका फुपीनं गालावरून बोटं फिरवत डोळा मारला, "क्या गे, डॉक्टरला विचारलं म्हणे! आता बेटाच होणार बघ." सगळ्या हसल्या. मेहरुन्निसाही हसली, कारण ते समजावून सांगण्याचा तिला आता कंटाळा आला होता.

फुलांची चादर बांधून झाली. मेवा ओटीत पडला. मग सासू तबक घेऊन पुढं आली. तबकात चांदीची जुनी अत्तरदाणी आणि कापसाचा फाया. गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या. हे बघायलाच तर सगळ्या आल्या होत्या.

सासूनं फाया भिजवला. सुनेसमोर गुडघ्यावर बसली. तिचा हात मेहरुन्निसाच्या मनगटाकडं आला आणि तिथंच, बोटभर अंतरावर, थांबला. तिनं सुनेच्या डोळ्यांत पाहिलं. रागानं नाही. विचारल्यासारखं.

मेहरुन्निसाला 'नको' म्हणता येईना. 'लावा' म्हणता येईना. तिनं फक्त तळहात पुढं केला. सासूनं क्षणभर वाट पाहिली, मग तो भिजलेला फाया तिच्या तळहातावर ठेवला आणि मागं सरून बायकांना म्हणाली, "तिचं ती लावून घेईल. गा गं, थांबल्या कायकू?"

बायका पुन्हा गायला लागल्या. एक फुपी दुसरीच्या कानाला लागली, "अत्तरवाल्याची सून, आणि नखरे बघा." सासूनं ऐकलं आणि तिच्याकडं असं पाहिलं की ती गप्प झाली.

तळहातावर फाया गार लागत होता. खसच होता. दोन महिने तिनं तो घेतला नव्हता, आणि आता तो इतका गोड लागला की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. याच वासानं उलट्या थांबवल्या होत्या. याच वासावर तिनं तिसरा महिना काढला होता. तिनं फाया तबकात ठेवला, भरल्या ओटीनं उठली आणि मोरीत गेली.

नळ सोडला. साबण हातात घेतला, आणि तसाच धरून उभी राहिली. गुलाबाच्या वासाचा होता. भांड्याचं लिक्विड लिंबाच्या वासाचं होतं. कपड्याच्या साबणाला मोगऱ्याचा वास होता. तिनं साबण जागेवर ठेवून दिला आणि नुसत्या पाण्याखाली हात चोळत राहिली. बाहेर ढोलकी वाजत होती. हात लाल झाले, तरी खसचा वास गेला नाही.

"मेहरून, किती वेळ?" सासूनं आवाज दिला. "बायका थांबल्यात."

"आले, अम्मी."

ती परत आली. सासूनं सरकून तिला खिडकीजवळ जागा करून दिली. मेहरुन्निसा बसली. सवयीनं दोन्ही हात पोटावर जायला निघाले, आणि मधेच थांबले. मग तिनं ते गुडघ्यांवर, तळवे वर करून, पोटापासून लांब ठेवले, आणि गाणं ऐकत राहिली.